धुराची शिकवणी

दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांनी आमच्या घरातल्या नाकाला पहिला धूर लागला. तो ओळखीचा आहे असं ठरवून त्याने सोडून दिला. पुढची अठ्ठेचाळीस मिनिटं ते गप्प होतं. तीन वाजून बारा मिनिटांनी ते वाजलं, तेव्हा मधल्या खोलीत कॉटवर झोपलेले माझे वडील बहुधा गेलेले होते.

हे मला ते गेल्यावर सतराव्या दिवशी कळलं. तोवर मी आणि इचलकरंजीतली त्यांना ओळखणारी सगळीच माणसं वेगळं समजून होतो.

नाक हे आमच्या गावातलं नाव. नियमाच्या पुस्तकात त्याला 'स्वयंशिक्षणक्षम गृह-अग्निसूचक' म्हटलं आहे, आणि ते नाव मी निरीक्षकांखेरीज कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. छताला चिकटवलेली ताटलीएवढी पांढरी चकती असते. ती का आली हे सांगायचं तर आधी पिशव्यांचं सांगावं लागेल.

सगळ्या घरांना धूरसूचक सक्तीचा झाला, तेव्हा आलेली यंत्रं साधी होती. आत एक अंधारी डबी, डबीत एक प्रकाशाचा झोत, आणि झोताच्या वाटेबाहेर बसवलेला एक डोळा. डबीत धुराचे कण शिरले की झोत विखुरतो, थोडा उजेड डोळ्यावर पडतो, आणि यंत्र बोंबलायला लागतं. झोपायच्या प्रत्येक खोलीत एक आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक, सगळी एकमेकांना जोडलेली, म्हणजे एक ओरडलं की सगळी ओरडणार. त्या यंत्राला धूर म्हणजे धूर. तडतडणारी मोहरी, तव्यावरची मिरची, देवापुढची उदबत्ती, आणि आमच्या गावात तर मागांवरून उडणारा सुताचा भुगासुद्धा त्याच्या लेखी आगच. महिन्याभरात लोकांनी उपाय काढला. यंत्रावर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि रबर लावायचं. पुढे एका इमारतीत आग लागून चार माणसं गेली. तिथल्या अकरा यंत्रांपैकी नऊ पिशव्यांत होती.

त्यानंतर मुंबईत सुनावणी झाली. त्या सुनावणीला माझे वडील, भूपाल चौगुले, परवानाधारक वायरमन, गावच्या वायरमन संघटनेकडून गेले होते. जाण्याआधी महिनाभर ते घराघरांतून छतावरच्या पिशव्या उतरवून गोळा करत होते. सुनावणीत त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी गाठोडं सोडून टेबलावर ओतलं. "साहेब, हे आमच्या गावातले तुमचे धूरसूचक," असं म्हणाले आणि खाली बसले. पुढे नवी यंत्रं आली त्यामागे त्या गाठोड्याचा किती वाटा होता मला माहीत नाही. गावात मात्र तसंच मानलं जाई, आणि अण्णा ते नाकारत नसत.

नवं यंत्र शिकणारं होतं. त्यात एकाऐवजी दोन झोत होते, एक निळा आणि एक डोळ्यांना न दिसणारा तांबडा. बारीक कण निळ्या झोताला जास्त विखुरतात, मोठे कण तांबड्याला, त्यावरून कणांचा आकार कळतो. शिवाय तांदळाच्या दाण्याएवढे आठ संवेदक, प्रत्येक वेगळ्या वायूला हुळहुळणारा. या दहा आकड्यांचं मिळून प्रत्येक धुराचं एक चित्र तयार होतं. कांद्याच्या फोडणीचं वेगळं, धुपाचं वेगळं, जळत्या कापसाचं वेगळं. बसवल्यापासून एकवीस दिवस शिकवणीचे. नवा धूर लागला की नाक हलकेच गुणगुणतं आणि थांबतं. त्याच्या जोडीला भिंतीवर, हात पुरेल तिथे, दोन बटणं असतात. हिरव्यावर 'आपलं' लिहिलेलं असतं आणि तांबड्यावर 'परकं'. बटण दाबताना तोंडाने धुराचं नाव सांगायचं, ते नाक लक्षात ठेवतं. एकाच धुराला तीनदा आपलं म्हटलं की तो घरचा झाला. त्यानंतर तो लागला तरी नाक गप्प राहतं, फक्त आपल्या आतल्या वहीत नोंद करतं. एकविसाव्या दिवशी शिकवणी बंद होते आणि नाकाला कुलूप लागतं. ते फक्त परवाना असलेल्या वायरमनच्या किल्लीने उघडतं.

लोक काहीही शिकवतील हे ओळखून कारखान्याने एक मर्यादा घातली होती. कुठलाही धूर, आपला असो की परका, ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की नाक वाजणारच. आमच्या घरी तीन बाराला ते या मर्यादेमुळे वाजलं.

*

विद्युत निरीक्षक वनिता शेळके अहवालाचा मसुदा घेऊन वाचनालयात आल्या. मी तिथे ग्रंथपाल आहे. दुपारची वेळ होती, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन निवृत्त शिक्षक डुलक्या घेत होते. शेळकेबाई आवाज खाली ठेवून बोलल्या.

"आग मधल्या खोलीत लागली. लाकडी कपाटामागे भिंतीत वायरचा एक जोड होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. टेप सुटली होती."

"अण्णांनीच केलेला असेल."

"त्यांनीच. गावाचं सगळं नवं केलं, घरचं राहून गेलं. असं होतं." त्यांनी पान उलटलं. "नाक वाजलं. शेजाऱ्यांनी ऐकलं, दार फोडलं. तुमच्या वडिलांना ऐकू कमी यायचं ना?"

"तरुणपणी दहा वर्षं मागावर होते. कान आणि छाती, दोन्ही तिथेच गेलं."

"कानाचं यंत्र फळीवर सापडलं. झोपताना काढून ठेवलं असणार. छाती अधू, त्यामुळे थोडा धूरही पुरला, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणजे निष्कर्ष असा, की यंत्रणा नियमाप्रमाणे होती आणि चालली. दोष कुणाचा नाही." त्यांनी मसुदा माझ्यापुढे सरकवला. "वारस म्हणून तुमची सही पुढच्या सोमवारपर्यंत द्या. घाई नाही."

मग जाताना त्यांनी सांगितलं, की संघटनेचं नवं प्रशिक्षण केंद्र एप्रिलमध्ये सुरू होतंय, त्याला अण्णांचं नाव द्यायचा ठराव झालाय, आणि त्यांच्या खात्याची हरकत नाही.

कानाचं यंत्र घालून झोपा असं मी अण्णांना कधी सांगितलं नव्हतं. सतरा दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

अहवाल आठ पानांचा होता आणि परिशिष्टं त्रेपन्न पानांची. परिशिष्टं आधी वाचायची मला जुनी सवय आहे. लेखकाला जे मजकुरात बसवता आलं नाही ते तिथे असतं. तिसरं परिशिष्ट म्हणजे आमच्या नाकाची वही होती. नाकाला लागलेला प्रत्येक धूर, वेळ, आणि शिकवणीत त्याला दिलेलं नाव.

ती वही वाचताना मला आमचं घर दिसत होतं. सहा पाच, धूप, आपलं. सात चाळीस, फोडणी, आपलं. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्याकडे चूल पेटत नाही, त्यामुळे रोज सातनंतर पान कोरं. शेवटच्या दिवशी सकाळी नऊला पोळी करपल्याची नोंद होती. ती मी करपवली होती. त्याखाली पुढची ओळ अशी होती: दोन चोवीस, चाचणी, आपलं.

त्यानंतर दर दोन-तीन मिनिटांनी तीच ओळ. चाचणी, आपलं. चाचणी, आपलं. तीन बारापर्यंत सतरा वेळा.

चाचणी या नावाचा धूर मला पहिल्यांदा आठवेना. मी मागची पानं काढली. तीन वर्षांपूर्वीच्या शिकवणीत तो शब्द एकवीस दिवसांत तीस वेळा होता, आणि पहिल्या तीन वेळा बटण दाबणाऱ्याच्या जागी अण्णांचा परवाना क्रमांक. मग आठवलं. आठवायला नको होतं इतकं सहज आठवलं.

चांगल्या वायरचं वेष्टण जाळलं तर जळतं, पण ज्योत बाजूला केली की आपोआप विझतं. बनावट वायरचं जळत राहतं. बाजारात बनावट माल एवढा होता, की अण्णा कुठल्याही बंडलावर विश्वास ठेवत नसत. टोकाचं नखाएवढं वेष्टण सोलायचं, लायटर लावायचा, लायटर बाजूला करायचा, बघायचं. घरातल्या त्यांच्या टेबलावर हे रोज चाले. टेबल मधल्या खोलीत होतं. वर छताला नाक होतं. शिकवणीच्या दिवसांत ते गुणगुणलं, की अण्णा उठून हिरवं बटण दाबायचे, कारण तो धूर त्यांच्या लेखी घरचाच होता.

भिंतीतला सुटलेला जोड तापतो, तेव्हा आधी धुमसतं ते वायरचं वेष्टण. पहिला पाऊण तास ते नखाएवढंच धुमसतं.

*

मैनुद्दीन मुल्ला हे अण्णांचे चाळीस वर्षांचे भागीदार. त्यांचं दुकान गांधी पुतळ्याच्या मागल्या गल्लीत आहे. मी वहीची पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"चहा घेणार?"

"नको, मैनूचाचा."

"घे की. तुझ्या बापानं माझ्याकडं चहाला नाही म्हटलं नव्हतं कधी. वर बिस्कीट मागायचा." त्यांनी समोरच्या टपरीकडे बोट वर करून दोन सांगितले. "हे बघ, चंदना. शेवटी वाजलं की नाही?"

"अठ्ठेचाळीस मिनिटांनी."

"वाजलं ना. सरकारी बाई सही मागतीया, दे आणि मोकळी हो. केंद्रावर नाव लागायचंय त्याचं. पाटी रंगवायला दिलीया मी. अक्षरं मोठी काढ म्हटलंय, लांबून दिसली पाहिजेत."

"पाटीचं नाही विचारत. अण्णा ही चाचणी आपल्याच घरी करायचे की बाहेरही?"

चाचा हसले. "बाहेर? अगं, तुझा बाप लग्नाला गेला तरी मांडवाची वायर पेटवून बघायचा. कबनूरला एका लग्नात नवरदेवाचा बाप आला हात जोडून. म्हणाला, अण्णा, अक्षता टाका, मांडव नका पेटवू." हसता हसता ते थांबले.

चहा आला. तो आमच्या दोघांमध्ये तसाच राहिला.

"नियमात आधी वायर ओढायची आहे," मी म्हणाले. "नाक शेवटी. म्हणजे चाचणी नाकासमोर व्हायलाच नको."

"नियमात आहे गं." त्यांनी पेला बोटांनी फिरवला. "पण तसं केलं तर आधी वायरिंगचे पाच दिवस, मग शिकवणीचे एकवीस. बायामाणसं वैतागायची. रोज वायरमन दारात. तुझ्या बापानं युक्ती काढली. पहिल्या दिवशी नाक लावून टाकायचं, बॅटरीवर चालू करायचं, शिकवणी सुरू. वायरिंग त्याच दिवसांत उरकायचं. पाच दिवस वाचले. सगळ्या गावानं उचलली ती पद्धत. मीपण."

"म्हणजे बंडल उघडून बघायचे, तेव्हा नाक चालू असायचं."

"असायचं."

"आणि गुणगुणलं की?"

"हिरवं दाबायचं. मालकीण घाबरू नये म्हणून." ते आता माझ्याकडे बघत नव्हते. "पण एकदा-दोनदा दाबून ते शिकत नाही. तीनदा लागतं. एका घरात तीन वेळा कोण..."

त्यांचा हात दुकानातल्या मांडणीकडे गेला आणि तिथेच राहिला. मांडणीवर वायरची बंडलं होती. तांबडी, काळी आणि हिरवी. प्रत्येक घराला तिन्ही लागतात. अण्णा एकही न तपासता लावत नसत.

"या अल्ला," चाचा म्हणाले.

*

खात्री करायला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काताई म्हेतर यांच्याकडे गेलो. अण्णांनी गावात पहिलं नाक बसवलं ते यांच्या घरी. साठीच्या बाई, मुलगा-सून कामावर, घरात त्या आणि सुनेचं चार महिन्यांचं बाळ. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपलं होतं. पाळण्याच्या बरोबर वर पांढरी चकती.

"भूपालअण्णांची लेक न्हवं तुम्ही? या की, बसा. लई वाईट झालं बघा. देवमाणूस. पाच दिवसांचं काम वाचवलं आमचं." त्यांनी चाचांकडे वळून विचारलं, "आज काय काढलंय? नाक चांगलं हाय. कध्धी उगीच वाजत न्हाई."

"तेच बघायचंय, अक्का," चाचा म्हणाले. "बाळाला जरा बाहेर घ्या."

"का? काय करणार?"

"नखाएवढी वायर जाळणार."

"हां, अण्णा करायचे तसं? करा की. मला म्हाईत हाय ते. मलाच धरायला लावायचे अण्णा. म्हणायचे, अक्का, तुमच्या घरची वायर, तुम्हीच परीक्षा घ्या."

त्यांनी बाळाला खांद्यावर टाकलं आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चाचांनी तांबड्या वायरचा तुकडा चिमट्यात धरला आणि नाकाखाली हात वर करून लायटर लावला. काळसर धुराची एक रेघ छताकडे गेली. मी घड्याळ बघत होते. मिनिट झालं. चाचांनी दुसरा तुकडा जाळला, मग तिसरा. खोलीत तो आंबूस, घशाला चिकटणारा वास भरला. बाळ शिंकलं. नाकाचा हिरवा ठिपका शांतपणे चमकत राहिला.

पाच मिनिटांनी चाचांनी खिडकी उघडली.

"बघा," अक्काताई म्हणाल्या. "म्हटलं न्हवतं, उगीच वाजत न्हाई म्हणून?"

चाचांनी आपली किल्ली काढली, नाकाचं कुलूप उघडलं, त्या धुराची शिकवण पुसली आणि पुन्हा एक तुकडा जाळला. या वेळी ते गुणगुणलं. त्यांनी तांबडं बटण दाबलं. सगळ्या खोल्यांतली नाकं एकदम किंचाळली, बाळही किंचाळलं, आणि अक्काताई चाचांना जे बोलल्या ते बाळाच्या रडण्यात फार ऐकू आलं नाही.

रस्त्यावर आल्यावर चाचा म्हणाले, "तुझ्या बापाची सहाशे वर घरं. माझी चारशे. गपचूप एकेक करत गेलो तर? कुणाला सांगायचं नाही. देखभालीला आलोय म्हणायचं."

"रोज किती होतील?"

"चार. तब्येत बरी असली तर पाच."

"म्हणजे सात-आठ महिने. आणि तुमची पद्धत बाकीच्या वायरमननीही उचलली. त्यांच्या घरांचं काय?"

"ते..." त्यांनी रुमालाने मान पुसली. "एवढा हुशार माणूस. सगळ्या गावाची वायर तपासली, आणि स्वतःच्या कपाटामागं बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं नाही. चंदना, लोक काय म्हणतील माहीत आहे ना? अण्णानं स्वतः स्वतःला मारलं म्हणतील. आणि आमची घरंपण बहिरी केली म्हणतील."

मला ते माहीत होतं. रात्रभर मी त्याचाच विचार केला होता. एकीकडे असा बाप होता, ज्याला नाकाची हाक ऐकू आली नाही आणि ज्याच्या नावाची पाटी रंगत होती. दुसरीकडे असा, ज्याने स्वतःच्या प्रामाणिकपणाने यंत्राला चुकीचं शिकवलं. दुसरा खरा होता. कसून काम करणारा माणूसच ही चूक करू शकत होता. वायर न तपासणाऱ्या आळशी वायरमनच्या घरांतली नाकं धडधाकट होती.

*

सोमवारी मी शेळकेबाईंच्या कार्यालयात गेले. सही केलेला मसुदा न देता चार पानांचं निवेदन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे तुम्ही एकटीनं शोधलं?"

"तिसऱ्या परिशिष्टात आहे."

"परिशिष्ट मीच जोडलंय," त्या म्हणाल्या. "मी 'चाचणी' वाचलं होतं. मला वाटलं, यंत्र स्वतःची चाचणी घेतं, ती नोंद असेल."

त्यांनी निवेदन मिटून टेबलावर ठेवलं.

"चंदनाताई, स्पष्ट बोलते. पद्धत चुकीची होती एवढं परिपत्रक काढता येईल. नाव न घालता."

"नाव घातल्याशिवाय घरं कशी सापडतील?"

प्रत्येक नाकाच्या वहीत बसवणाऱ्याचा परवाना क्रमांक असतो. ज्या घरांत पुन्हा शिकवणी लागणार ती त्या क्रमांकावरूनच निघणार होती. लोकांना जी सूचना जाईल तिच्यात लिहावं लागणार होतं, की परवाना क्रमांक अमुक, भूपाल नेमगोंडा चौगुले यांनी बसवलेलं आपल्या घरातलं यंत्र सदोष शिकवलेलं असू शकतं. दुसरा मार्ग नव्हता. असता तर मी तो घेतला असता.

"आणखी एक सुचवलंय, शेवटच्या पानावर," मी म्हणाले. "बटण वायरमननं दाबू नये. ज्याला त्या घरात झोपायचंय त्यानं दाबावं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मैनूचाचा आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात परवान्याचं पुस्तक. माझ्याकडे न बघता ते शेळकेबाईंच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, माझापण नंबर घाला. चारशे अकरा घरं. मोजून आलोय." मग खुर्ची ओढून बसता बसता मला म्हणाले, "पाटीवाल्याला थांबवलंय. अर्धं नाव झालं होतं. भूपा एवढंच."

*

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत. सूचना गेल्या. सुरुवातीला लोक वाचनालयात येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलत, मग येईनासे झाले. भाजी बाजारात एका बाईने माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बापानं बसवली, लेकीनं काढली. गावाला कामाला लावलं दोघांनी." ती ज्या सुरात म्हणाली तो फारसा वाईट नव्हता. संघटनेने नावाचा ठराव मागे घेतला. प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, त्याला केंद्रच म्हणतात. गावातले सत्तावीस वायरमन सकाळपासून अंधार पडेपर्यंत घरोघर फिरत होते. उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत शेवटचं घर झालं.

नियमाच्या पुस्तकात दुरुस्ती आली. आता नाक कुलूपबंद करण्याआधी वायरचं नखाएवढं वेष्टण जाळून बघावं लागतं, आणि बटण घरच्या माणसाने दाबायचं असतं. केंद्रात शिकायला येणाऱ्यांना ही शेवटची चाचणी करून दाखवतात. तिथे त्याला 'अण्णांची काडी' म्हणतात, असं मैनूचाचांनी सांगितलं. मी विचारलं, हे कुणी सुरू केलं? ते म्हणाले, "मला काय माहीत?" आणि चहा मागवला.

जळलेलं घर मी विकलं नाही, पण तिथे राहतही नाही. वाचनालयाजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. जूनमध्ये चाचांनी तिथे नाक बसवलं, वायर आधी ओढून, नियमाप्रमाणे. एकवीस दिवस मी त्याला माझे धूर शिकवले. धूप, फोडणी, करपलेली पोळी. फार नव्हते. एका माणसाच्या घरात फार नसतात.

एकविसाव्या दिवशी सकाळी चाचा आले. स्टुलावर उभे राहिले, चिमट्यात तांबड्या वायरचा तुकडा धरला आणि लायटर लावला.

तो वास खोलीत आला. मी लहान असताना अण्णा संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायचे, तेव्हा हात-तोंड धुऊन झाल्यावरही त्यांच्या शर्टाला हा वास असायचा. आई तो शर्ट वेगळा भिजवायची. आई गेल्यावर मी वेगळा भिजवू लागले. ते घरात आले आहेत हे मला पुस्तकातून डोकं वर न काढता कळायचं. पंचेचाळीस वर्षं हा वास मला लागला, की माझ्यात कुठेतरी नोंद व्हायची आणि मी पुढे वाचत राहायचे.

छताला नाक गुणगुणू लागलं. मग थांबलं आणि वाट बघू लागलं.

"दाब," चाचा म्हणाले.

माझा हात वर गेला होता. बटणं शेजारीशेजारी असतात, मध्ये बोटभर अंतर.

"चंदना, तीस सेकंदच थांबतं ते." मग जरा वेळाने, "मी दाबू का?"

"नियमात घरच्या माणसानं दाबायचंय."

"नियम तूच लिहायला लावलास," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे वळवून उभे राहिले.

मी तांबडं बटण दाबलं. दोन्ही खोल्यांतली नाकं वाजायला लागली. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी जिना धावत चढत होतं. ते वर येईपर्यंत मी ती वाजू दिली.